आईसाठी बांधलेलं घर

सोनाळा, ता. संग्रामपूर
सोमवार, ८ डिसेंबर २०२५

ती. दादास हर्षलचा नमस्कार.

काल फोनवर तू सांगितलंस की, अंधार पडायच्या आत आईला घरी नेऊन सोड आणि नमुना घराला कुलूप लाव. मी हो म्हणालो. मी आईला घरी नेलेलं नाही. कुलूपही लावलेलं नाही. हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून लिहितो आहे.

तू म्हणशील, मग फोन का केला नाहीस. फोनवर तू बोलतोस आणि मी हो म्हणतो, लहानपणापासून. कागदावर तुला मधे बोलता येत नाही. शब्दकोश शेजारी ठेवला आहे. दहावीच्या पुढं मी गेलो नाही, पण शुद्धलेखनात कधी मार्क गेले नाहीत, तेव्हा माझ्या चुका शोधत बसू नकोस. मजकुराचं उत्तर दे.

दत्तजयंतीला वसाहतीच्या उद्घाटनाच्या मांडवात तू काय बोललास ते इथं लिहितो, कारण तू विसरला असशील. तू म्हणालास, "आपल्या वऱ्हाडातली माणसं पुण्या-मुंबईत नोकऱ्या करून रिटायर होत आहेत. त्यांना गावाकडं यायचंय, पण गावात नाही. ती धडधाकट आहेत. त्यांना नर्स नकोय, शेजार हवाय. पंचावन्नच्या वरच्या अशा हिंडत्याफिरत्या माणसांसाठी आपल्याकडं कुणी घरं बांधत नाही. मित्रांनो, बांधकामाच्या धंद्यातली ही सगळ्यात मोठी संधी आहे." टाळ्या झाल्या. मग तू आईच्या खांद्यावर हात ठेवलास आणि म्हणालास, "आणि हे पहिलं घर मी माझ्या आईसाठी बांधलंय." कॅमेरावाला म्हणाला, सर, आवाज नीट आला नाही, परत घ्या. तू परत म्हणालास. अख्ख्या सोनाळ्यानं ते दोनदा ऐकलं.

त्याआधी पूजेला बसताना गुरुजी जरा अडखळले होते. "कोणी सौभाग्यवती असेल तर," असं काहीतरी पुटपुटले. शारदा वहिनी बसायला तयार होती. तूच म्हणालास, "गुरुजी, जमाना बदलला. माझी आईच बसेल." बाबा गेल्यानंतर आईला पूजेच्या पाटावर कुणी बसवलं नव्हतं. ती बसली. गॅसवर दूध ठेवलं, ते तिच्या हातानं उतू गेलं, आणि ते फोटो तुझ्या कंपनीनं त्याच दिवशी सगळीकडं टाकले. आपल्याकडं नव्या घरात जिच्या हातून दूध उतू जातं, चूल तिची असते. हे तुला माहीत होतं. आई त्याचा अर्थ लावणार नाही, असं तू धरून चाललास.

तुमच्या गाड्या गेल्यावर मी खुर्च्या मोजून एकावर एक लावत होतो. आत गेलो तर आई पलंगावर बसलेली.

"आई, चाल. अंधार पडते."

"किल्ली दे."

"कायची?"

"या घराची. ज्ञानबानं माह्यासाठी बांधलं म्हने. दोनदा म्हनला."

मी हसलो. ती हसली नाही.

"आई, हे नमुन्याचं घर हाय. गिऱ्हाइकाले दाखवाचं. यात कोनी राह्यत नसते."

"मंग दाखव ना. मी आतमधी असली त घर दिसत नाई काय?"

मी किल्ली दिली. त्यावर मी काही बोललो नाही.

तेव्हापासून ती तिथंच आहे. दुसऱ्या दिवशी मला घरून आणायला लावलं ते एवढंच: तिची पितळी परात, पाटा-वरवंटा, दोन लुगडी आणि बाबांचा फोटो. फोटो आणला तर म्हणाली, तो राहू दे तिकडं, त्याले ते घर आवडे.

तू बांधलेल्या घराबद्दल तिची एकच तक्रार आहे. दारापुढचा ओटा ठेंगणा झाला आहे, पाय लोंबते सोडून बसता येत नाही.

तुझा,
हर्षल


सोनाळा
शुक्रवार, १९ डिसेंबर

ती. दादास नमस्कार.

पत्राचं उत्तर म्हणून तू पुंजाजी मामाला पाठवलंस. म्हातारा माणूस रोहिणखेडहून दोन बस बदलून आला, कारण तू त्याला सांगितलंस की बहीण वृद्धाश्रमात जाऊन बसली आहे.

मामा आधी ओट्यावरच बसला. आत पाऊल टाकेना.

"रुखमे, दोन पोट्टे जित्ते असून तू आश्रमात? लोकं माह्या तोंडात शेन घालतीन."

"आत ये भाऊ. आश्रम कसा असते ते पाह्यून त घे."

"मी पानी बी नाई पेनार अठी."

"नको पेऊ. चहा घे."

चहा घेतला. मग म्हणाला, "तुले राह्याचंच व्हतं त माह्या घरी राह्यची."

"तुह्या घरी मी आठ दिस राह्यली का नवव्या दिशी वहिनी भांडे आपटते. मले ऐकू येते भाऊ, मी बहिरी नाई."

मामानं कप खाली ठेवला. मग त्यानं विचारलं, मोरी कुठं आहे. बराच वेळ बाहेर आला नाही म्हणून मी दाराशी गेलो. तो आतून म्हणाला, "अबे हर्षल्या, भितीले हे दांडी कायची लावली?"

"धरून उठाले, मामा."

मग पुन्हा आवाज. "चांगली हाय बे!" तो नुसताच बसत होता आणि दांडी धरून उठत होता. बाहेर आला तेव्हा चेहरा वेगळाच होता. "माह्या घरी चार पोट्टे हायेत," तो म्हणाला, "एकाच्याबी डोक्शात नाई आलं हे."

जेवून गेला. आईनं भरीत केलं होतं. तुला त्यानं फोनवर काय सांगितलं ते मला माहीत नाही. मला बसस्टँडवर हळूच विचारलं, मागच्या ओळीत कोणतं घर रिकामं आहे.

दादा, तुझ्या रंगीत पत्रकाच्या पहिल्याच पानावर लाल अक्षरात छापलं आहे: 'हा वृद्धाश्रम नव्हे.' छापायला जाण्याआधी ते पान मीच तपासून दिलं होतं. परक्याची आई इथं राहिली तर तो वृद्धाश्रम नाही आणि आपली राहिली तर तो वृद्धाश्रम, हे कसं? फोनवर तू म्हणतोस, "ते लोकांसाठी आहे, आपल्यासाठी नाही." मग लोकांना जे विकतोस ते तुला चांगलं वाटतं की वाईट वाटतं, ते एकदा लिहून पाठव. मला रोज गिऱ्हाइकांपुढं बोलावं लागतं.

तिला तिथं काय मिळतं, असंही तू विचारलंस. मी निरीक्षण केलं आहे, ते सांगतो.

चार नंबरच्या घरात वंदनाबाई राहतात. खामगावच्या शाळेतून निवृत्त झाल्या, उद्घाटनाची वाट न बघता दिवाळीनंतरच राहायला आल्या. रोज सकाळी त्या घरांभोवतीच्या वाटेवरून चकरा मारतात. पूजेच्या आदल्या दिवशी अंगण सारवायला आली होती तेव्हा आईनं त्यांना पाहिलं आणि मला विचारलं, "हे बाई जाते कोठी?"

"कोठीच नाई. फिरते."

"डोक्शावर काही नाई? हातात काही नाई?"

"नाई."

आई बघतच राहिली. आता दोघी मिळून फिरतात. मी म्हटलं, आपल्या घरी काय अंगण नव्हतं? तर म्हणाली, "घरी चालत दिसली का कोनी ना कोनी काम सांगते."

आणखी एक. संध्याकाळी ती आतून कडी लावते. मी हाक मारली तरी आधी विचारते, "कोन हाय?" माझा आवाज तिला कळत नाही असं नाही. मी एकदा रागावलो. ती म्हणाली, "कडी लावाचं काम आतापरेंत दुसऱ्याचं व्हतं. सासूचं, मंग तुह्या बापाचं. मले इचारू दे."

तुझ्या भागीदारानं, धवलनं, तुला कळवलं म्हणे की, आईनं ओट्यावर मुंगवड्या वाळत घातल्या आणि नागपूरच्या गिऱ्हाइकापुढं काहीही बोलली. मी तिथं हजर होतो. त्या बाईंनी विचारलं, "आजी, एकटं वाटत नाही का?" आई म्हणाली, "वाट्टे ना. घरीबी वाटे. तठी मानसात बसून वाटे, अठी एकटीले वाट्टे. हे बरं." मग त्यांनी डॉक्टरबद्दल विचारलं तेव्हा आईनं सांगितलं की, आठवड्यातून एकदा येतो आणि कधी येतही नाही. ते खरं आहे. पत्रकात 'चोवीस तास वैद्यकीय साहाय्य' असं आहे, ते खरं नाही. त्यांनी घर घेतलं की नाही ते धवललाच विचार. जाताना त्या बाईंनी पदरात मुंगवड्या नेल्या, एवढं मी पाहिलं.

हर्षल


सोनाळा
रविवार, ४ जानेवारी २०२६

दादा,

तुझा भागीदार काल टेम्पो, दोन माणसं आणि नवं कुलूप घेऊन आला. तू स्वतः आला असतास तर बरं झालं असतं. आईपुढं उभं राहायला तुला पुण्याचा माणूस लागावा, याचं मला आश्चर्य वाटलं.

धवलनं चपला बाहेर काढल्या आणि नमस्कार केला, हे नमूद करतो. "आजी," तो म्हणाला.

"ज्ञानबा तुह्या बरोबरीचा ना? मंग मी आजी कशी? काकू म्हन."

"काकू, तुम्ही इथं राहा. आमची काहीच हरकत नाही. फक्त आम्ही रजिस्टरवर तुम्हाला केअरटेकर म्हणून दाखवतो. पाहुणे आले की घर दाखवायचं, थोडी झाडलोट. सोपं काम आहे."

आईनं माझ्याकडं पाहिलं. "काय म्हनते हा?"

मी सांगितलं.

"म्हंजे माह्याच घरी मी कामाले?"

धवल म्हणाला, "घर कंपनीचं आहे, काकू."

"मंग कंपनीनं म्हनाचं व्हतं ना. ज्ञानबा काऊन म्हनला, आईसाठी बांधलं?"

"ते... जाहिरातीचं असतं."

"हाव. लोकायले ऐकवाले असते. लोकायनं ऐकलं. आता मी गावात सांगू काय, का माह्या पोरानं माह्या नावानं खोटं सांगतलं?"

धवलनं तो विषय सोडला आणि माझ्याकडं हात पुढं केला. "हर्षल, दुसरी किल्ली." किल्ली माझ्या शर्टाच्या खिशात होती. मी खिशावर हात ठेवला. मी म्हणालो, "देणार नाही."

"तू कंपनीचा माणूस आहेस."

"होतो," मी म्हणालो. तिथंच घराच्या एका नकाशाच्या पाठीमागं राजीनामा लिहिला, तारीख घातली, सही केली आणि त्याच्या हातात दिला. त्याची प्रत ठेवायची राहिली, तेवढी पाठव.

आता रस्त्याचं. आईचं म्हणणं तिच्याच शब्दांत कळवतो, कारण मी ते मवाळ केलं तर तू मवाळच वाचशील.

डांबरी सडकेवरून वसाहतीत यायला एकच वाट आहे, आणि ती बाबांनी आईच्या नावावर करून दिलेल्या वावराच्या धुऱ्यावरून येते. तुझे ट्रॅक्टर, तुझी सिमेंटची पोती, तुझे पाहुणे, सगळं आजवर तिच्या बांधावरून नुसत्या तोंडी शब्दावर गेलं. त्या पट्ट्याचं खरेदीखत या महिन्यात तिच्याकडून करून घ्यायचं, असं तू ठरवलं आहेस. ते झाल्याशिवाय उरलेल्या घरांची परवानगी पुढं सरकत नाही, हे मी तुझ्याच कचेरीत ऐकलं आहे. तू तिला म्हणाला होतास, आई, घरचंच काम आहे, फक्त सही. आता तिचं उत्तर असं: "रस्ता पाह्यजे असन त घराचा कागद आन. माह्या नावाचा. ज्ञानबाच्या नाई, हर्षल्याच्या नाई, केअरटेकरच्या नाई."

धवलनं गाडी चालू केली तेव्हा मी वाट अडवण्यासाठी बोराट्या तोडायला निघालो होतो. आईनं थांबवलं. "पाव्हन्याले अडवू नको. जाऊ दे त्याले, मंग लाव." गाडी सडकेला लागल्यावर मी धुऱ्याच्या तोंडाशी बोरीच्या काट्या आडव्या लावल्या, जशा आपण वावराला ढोरं शिरू नयेत म्हणून लावतो. बाजूला पायी जाण्यापुरती जागा ठेवली आहे. वंदनाबाईंना आणि बाकीच्यांना त्रास नको म्हणून त्यांची सिलिंडरं आणि किराणा मी स्वतः आत नेऊन देतो. ट्रॅक्टर, टेम्पो आणि तुझे पाहुणे यांच्यासाठी वाट बंद आहे.

हातात काटे रुतले आहेत, अक्षर नेहमीसारखं नाही. शब्द मात्र तपासले आहेत.

हर्षल


सोनाळा
मंगळवार, २० जानेवारी

दादा,

अखेर तुझं पत्र आलं. टाइप केलेलं आहे, पण भाषा तुझीच आहे.

तू लिहितोस, हर्षलनं आईला फितवलं, कारण त्याला गावातलं घर एकट्याला हवं आहे. आणि लिहितोस, आई आश्रमात आणि पोरगा घरात, अशा घरी मुलगी कोण देईल.

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो, कारण ते सोपं आहे. संक्रांत झाल्यावर जळगाव जामोदकडचे पाहुणे आपलं घर पाहायला आले होते. मुलीचे वडील आणि चुलते. मध्यस्थ तानुबाई होती. तिनं आदल्या दिवशी मला पढवलं होतं, "इचारलं त सांग, आई पुन्याले गेली मोठ्याकडं. बास." मी रात्रभर तेच घोकलं.

वडिलांनी विचारलं, "आई कोठी हायेत?"

तानुबाईनं माझा पाय दाबला.

"तिच्या घरी," मी म्हणालो.

"म्हंजे माहेरी?"

"नाही. तिनं स्वतःचं घर घेतलंय. म्हणजे घेते आहे. डोंगराकडच्या वसाहतीत. एकटी राहते."

चुलते म्हणाले, "थे मोठ्यानं बांधलं थे? थे त आश्रम हाय ना."

"आश्रम नाही."

"मंग तुमच्याशी पटलं नाई काय तिचं?"

"पटतं. रोज संध्याकाळी मी जातो. कधी जेवायला थांबवते, कधी नाही."

त्यांनी चहा घेतला, पोहे तसेच ठेवले. तानुबाई जाताना म्हणाली, "तू लेका जन्मभर असाच राह्य!" राहीन. पण तुझ्या बायकोच्या माहेरच्यांना तू जे सांगतोस, म्हणजे आई गावाकडं धाकट्यापाशी असते, ते मी यापुढं खरं करून दाखवणार नाही.

आता पहिलं. मला घर एकट्याला हवं होतं, असं तू लिहिलंस. हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं.

पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं की किल्ली दिली आणि काही बोललो नाही. ते तसं नव्हतं. मी बोललो होतो. मी तिच्यापुढं जमिनीवर बसलो आणि म्हणालो, "आई, माह्या जेवनाचं काय?"

"तुले हात नाईत काय बे?"

"मले घरी एकट्याले भेव लागते."

ती म्हणाली, "मलेबी लागे. तुहा बाप गेला तवा तू पोरगंच व्हता, तुले काय सांगू? मंग मोडलं भेव. तुहंबी मोडन." आणि हात पुढं केला. तेव्हा मी किल्ली दिली.

तेव्हा मी तिला फितवलं नाही, दादा. मी तिला अडवून पाहिलं आणि मला जमलं नाही. तूही अडवून पाहतो आहेस. फरक एवढाच की, मी तिच्यासमोर बसून अडवलं, आणि तिनं मला जे उत्तर दिलं ते मी मान्य केलं. तू पुण्यात बसून मामा पाठवतोस, धवल पाठवतोस, टाइप केलेलं पत्र पाठवतोस. तिनं तुला काय उत्तर द्यावं?

घरी मी सगळ्या खोल्यांत दिवे लावून झोपतो. हे तुला सांगायचं नव्हतं. पण मला ते घर हवं होतं असं तू लिहिलंस, म्हणून सांगितलं. हवं असेल तर तू येऊन राहा त्या घरात. मी एका शब्दानं अडवणार नाही.

बोराट्या अजून जागेवर आहेत. धवलनं सरपंचाला मधे घातलं. सरपंच काट्यांपाशी उभे राहून आईला म्हणाले, "काकू, गावाचा विकास थांबला." आई म्हणाली, "विकासाले म्हना, पायी ये." सरपंच पायी आले, चहा घेतला आणि पायीच परत गेले.

हर्षल


सोनाळा
बुधवार, ११ फेब्रुवारी

दादा,

परवा निबंधक कार्यालयात आपण समोरासमोर उभे होतो, पण तू माझ्याशी बोलला नाहीस. म्हणून जे तेव्हा बोलायचं होतं ते लिहितो. त्यानंतर पत्र लिहिण्याचं कारण उरणार नाही.

आधी घराच्या दस्तावर तू सही केलीस, मग रस्त्याच्या दस्तावर आईनं. क्रम तिनंच लावला. कारकून म्हणाला, दोन्ही एकदमच होतात, आधी कुठलं त्यानं काय फरक पडतो. आई म्हणाली, "तुले नाई पडत." मी दोन्ही कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले आणि त्यात तिचं नाव बरोबर आहे. तू शब्द पाळलास, असं कुणी म्हणेल. मी म्हणणार नाही. तो तुझ्याकडून पाळवून घ्यावा लागला. पण घर झालं, हे खरं, आणि घर चांगलं बांधलं आहेस, हेही खरं. बोराट्या मी त्याच संध्याकाळी काढल्या.

बाहेर जिन्यापाशी तू तिला हळू आवाजात म्हणालास, "आई, कुणी विचारलं तर हवापालटासाठी राहते म्हणून सांग." ती तुझ्याकडं बघून नुसती हसली आणि तुझ्या छकुलीची चौकशी केली. तुला वाटलं असेल, तिनं मान्य केलं. म्हणून स्पष्ट करतो. ती कुणाला काही सांगत नाही, कारण तिला कुणी विचारतच नाही. विचारतात ते मला. सोनाळ्यात, बाजारात, बसमध्ये. मी सगळ्यांना एकच सांगतो: आई तिच्या घरी असते. आधी सांगताना जीभ जड व्हायची. आता होत नाही.

धवलमार्फत तू मला पुन्हा कामावर ये म्हणालास. येणार नाही. मामानं त्याच्या मोरीत दांडी बसवायला मला बोलावलं होतं. ती बसवली, तर शेजारच्या जनकाबाईंनी बोलावलं, मग त्यांच्या व्याह्यांनी. भिंत कुठं पोकळ आहे, वाकलेल्या माणसाचा हात कुठं पोचतो, उंबरा कुठं घासायचा, हे तुझ्या साइटवर शिकलो. तुझी घरं घेणं ज्यांना कधीच जमणार नाही आणि ज्यांना आपलं घर सोडायचंही नाही, अशी माणसं गावोगाव आहेत. तू त्या दिवशी मांडवात जिला संधी म्हणालास ती तुझी तुला लखलाभ. त्यातला हा कोपरा मी घेतला आहे. तुझी परवानगी घेतलेली नाही.

आणखी एक निरोप धवलनं आणला की, आई आणि वंदनाबाई सकाळी फिरतात त्याची फिल्म काढायची आहे, कंपनीच्या जाहिरातीसाठी. मी आईला विचारलं. ती नाही म्हणाली. का, ते मी विचारलं नाही. तूही विचारू नकोस. आणि मांडवातली ती जुनी फिल्म, जिच्यात तू तिच्या खांद्यावर हात ठेवून बोलतोस, ती हवी तितकी दाखव. आता ती खरी आहे.

शेवटी, तुझ्या पाडव्याच्या बेताविषयी. तू मला निरोप पाठवलास की, आम्ही तिघं पाडव्याला येतो, दोन दिवस आईकडं राहू, तू तिला सांगून ठेव.

मी सांगून ठेवणार नाही. त्या दिवसांत वंदनाबाईंबरोबर कुठं जायचं असं तिचं काही चाललं आहे. गेली तर घर बंद असेल, आणि तिच्या घराची किल्ली आता माझ्याकडं नाही. ती थांबली तर तुम्हाला पुरणपोळी मिळेल. कदाचित ती म्हणेल, एकच दिवस या. कदाचित म्हणेल, छकुलीला महिनाभर ठेवून जा. मला यातलं काही माहीत नाही आणि ते मला माहीत असण्याचं कारणही नाही. तू तिच्या गावच्या घरात न विचारता येत होतास, कारण ते घर सगळ्यांचं होतं. हे एकटीचं आहे.

तेव्हा विचारून ये. मला नाही. तिला विचार.

हर्षल